सेंट अँड्र्यूजचा शरद

‘शरद’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात पावसाने धुतलेले निरभ्र आकाश, निवळलेले नद्यांचे पाणी आणि कोजागरीचे चांदणे उभे राहते. पानगळ ही त्याच्या लेखी शिशिराची गोष्ट आहे. उत्तर युरोपात हे दोन्ही अनुभव एकाच ऋतूत येतात. तेथे शरद येतो तोच मुळी ओसरत्या प्रकाशाचा ऋतू म्हणून. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी वसलेले सेंट अँड्र्यूज हे गाव सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तेथे दिवस आणि रात्र समान असतात. त्यानंतर दिवस रोज चार-पाच मिनिटांनी आखडत जातो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम सात तासांचा उरतो. या उतरणीच्या काळातच गावाचे खरे वर्ष सुरू होते. विद्यापीठात नवे विद्यार्थी येतात, गोल्फ क्लबचा नवा कप्तान पदग्रहण करतो, आणि उन्हाळ्यातील प्रवासी परतल्यावर रस्ते पुन्हा गावकऱ्यांचे होतात. ज्या गावाच्या इतिहासात वैभवाचा अस्त अनेकदा झाला आणि प्रत्येक अस्तानंतर जगण्याचे नवे कारण शोधावे लागले, त्या गावाचे वर्ष शरदात सुरू व्हावे, हे त्याच्या प्रकृतीला साजेसेच म्हटले पाहिजे.

गावाची रचना साधी आहे. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट हे तीन मुख्य रस्ते पश्चिमेकडून निघतात आणि पूर्वेकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत प्राचीन कॅथीड्रलच्या रोखाने जातात. ही आखणी यात्रेकरूंसाठी होती. येशूच्या शिष्यांपैकी संत अँड्र्यू यांचे अवशेष येथे आणले गेले, अशी मध्ययुगीन श्रद्धा होती. या श्रद्धेमुळे समुद्रकाठची ही वस्ती स्कॉटलंडची धार्मिक राजधानी बनली. बाराव्या शतकाच्या मध्यानंतर, सुमारे ११६० मध्ये, कॅथीड्रलचे बांधकाम सुरू झाले आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, १३१८ मध्ये, राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत त्याचे समर्पण झाले. स्कॉटलंडमध्ये त्याच्याइतके विशाल मंदिर त्यापूर्वी झाले नव्हते आणि नंतरही झाले नाही. आज पूर्वेकडील उंच भिंत, पश्चिमेकडील दर्शनी भागाचे अवशेष, खांबांचे बुंधे आणि शेजारचा सुमारे ३३ मीटर उंचीचा संत रूल मनोरा एवढेच उरले आहे. मंदिराचा मधला भाग आता गवताचा आहे.

विद्यापीठाची स्थापना हे या धर्मवैभवाचेच अपत्य होय. पण तिला तत्कालीन राजकारणाची धार होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रोमन चर्च दुभंगले होते आणि एकाच वेळी दोन पोप, पुढे तर तीन पोप, आपलाच अधिकार खरा असल्याचे सांगत होते. इंग्लंडशी वैर असल्याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज स्कॉटिश विद्यार्थ्यांना परके झाले होते. पॅरिसचा मार्ग मोकळा होता. परंतु फ्रान्सने बेनेडिक्ट तेरावा या पोपवरील निष्ठा सोडली आणि त्याच पोपला मानणाऱ्या स्कॉट विद्वानांची तेथेही अडचण झाली. अशा परिस्थितीत १४१० मध्ये काही अध्यापकांनी सेंट अँड्र्यूज येथे शिकविण्यास प्रारंभ केला. बिशप हेन्री वॉर्डलॉ याने १४१२ च्या फेब्रुवारीत त्यांना सनद दिली. पोपची मान्यता देणारे आज्ञापत्र २८ ऑगस्ट १४१३ रोजी स्पेनमधील पेनिस्कोला येथून निघाले आणि पुढील फेब्रुवारीत गावात पोहोचले. त्याच्या स्वागतार्थ घंटानाद झाला आणि मिरवणूक निघाली. यानंतर काही वर्षांतच बेनेडिक्ट पदच्युत झाला आणि स्कॉटलंडनेही त्याला सोडले. ज्या अधिकाराने विद्यापीठाला जन्म दिला तो अधिकार स्वतः टिकला नाही. त्याचे मूळ नाव पेद्रो दे लुना, म्हणजे ‘चंद्र’ घराण्यातील पेद्रो. विद्यापीठाच्या मुद्रेवर आजही एक उलटी चंद्रकोर आहे. शरदाच्या चांदण्याशी तिचा संबंध नाही. ज्याला पुढे जगाने पोप मानले नाही, त्याच्या उपकाराची ती कृतज्ञ खूण आहे.

पंधराव्या व सोळाव्या शतकांत येथे तीन महाविद्यालये उभी राहिली. बिशप जेम्स केनेडी याने १४५० मध्ये सेंट साल्व्हेटर्स महाविद्यालय स्थापन केले. १५१२ मध्ये सेंट लेनर्ड्स आणि १५३८ च्या सुमारास सेंट मेरीज ही महाविद्यालये निघाली. पाखंडाचा प्रतिकार करू शकणारे धर्मपंडित घडविणे हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. प्रत्यक्षात याच भिंतींच्या आत नवी मते वाढली. मार्टिन ल्यूथरच्या विचारांचा पुरस्कार केल्याबद्दल पॅट्रिक हॅमिल्टन या तरुण विद्वानाला २९ फेब्रुवारी १५२८ रोजी सेंट साल्व्हेटर्सच्या दारासमोर जिवंत जाळण्यात आले. १ मार्च १५४६ रोजी जॉर्ज विशर्ट याला किल्ल्यासमोर तीच शिक्षा झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २९ मे रोजी, विशर्टच्या पक्षपात्यांनी किल्ल्यात शिरून कार्डिनल डेव्हिड बीटन याचा वध केला. मग वर्षभराहून अधिक काळ वेढा चालला. वेढा घालणाऱ्यांनी खडकातून भुयार खणले आणि आतल्यांनी त्यांचा माग काढीत समोरून दुसरे भुयार खणून त्यांना गाठले. ही दोन्ही भुयारे आजही पाहता येतात. वेढ्याच्या काळात किल्ल्यात आलेला जॉन नॉक्स १५४७ च्या जुलैअखेरीस फ्रेंच आरमाराच्या हाती लागला आणि दीड वर्षाहून अधिक काळ वल्ही मारणारा कैदी म्हणून जहाजावर राबला. तोच नॉक्स १५५९ च्या जूनमध्ये परतला, होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याची प्रवचने झाली आणि जमावाने कॅथीड्रल उद्ध्वस्त केले.

हॅमिल्टन जेथे जळाला त्या जागी फरसबंदीत त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे बसविली आहेत. त्यांवर पाय पडला तर पदवी परीक्षेत अपयश येते, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. दोषपरिहार म्हणून १ मे रोजी पहाटे थंडगार समुद्रात बुडी मारावी लागते. ऑक्टोबरच्या धावपळीत घोळक्याने निघालेली मुले त्या अक्षरांपाशी येताच सावधपणे बाजूला होतात. एका मरणाची स्मृती पाठ्यपुस्तकाऐवजी पावलांच्या सवयीत जपली जावी, हे विलक्षण आहे. त्या मुलांपैकी अनेकांना ल्यूथरच्या मतांचा तपशील ठाऊक नसेल; पण दगडाला वळसा घालण्याचा शिष्टाचार त्यांनी आपल्या ज्येष्ठांकडून घेतलेला असतो.

धर्मसुधारणेने गावाला नवी श्रद्धा दिली. मात्र त्याचा व्यवसाय काढून घेतला. यात्रा थांबल्या. आर्चबिशपचा दरबार, त्यावर पोसलेले कारागीर, व्यापारी आणि जत्रा हे सारे क्षीण होत गेले. ओस पडलेल्या कॅथीड्रलचे दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले आणि बंदराचा धक्काही मोडक्या वास्तूंच्या दगडांनी दुरुस्त झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठच पर्थ येथे हलवावे असा प्रस्ताव पुढे आला होता. १७४७ मध्ये सेंट साल्व्हेटर्स आणि सेंट लेनर्ड्स ही दोन महाविद्यालये एकत्र करावी लागली, कारण दोन्ही स्वतंत्रपणे चालविण्याइतके उत्पन्न नव्हते. १७७३ च्या ऑगस्टमध्ये सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल येथे आले, तेव्हा जॉन्सनला ओसाड रस्ते, पडके कॅथीड्रल आणि बंद पडलेले सेंट लेनर्ड्स दिसले. विद्यार्थी शंभराहून अधिक नसल्याचे त्याला सांगण्यात आले. एक विद्यापीठ डोळ्यांदेखत क्षीण होताना पाहण्याचे दुःख त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. दोनच वर्षांनी, १७७५ मध्ये, याच विद्यापीठाने पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेल्या झां पॉल मारा याला वैद्यकाची पदवी दिली. ती मिळविण्यासाठी त्याला येथे येऊन शिकावे लागले नव्हते. पदव्या देऊन शुल्क मिळविणे हा त्या काळी संस्थेच्या निर्वाहाचा एक मार्ग झाला होता.

या पडत्या काळात गावाच्या पश्चिमेस, समुद्र आणि शेते यांच्यामध्ये पसरलेल्या वालुकामय गवताळ पट्टीला मोल येत होते. अशा भूमीला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. नांगरटीला निरुपयोगी, खारे वारे सोसणारी, आखूड गवताची आणि वाळूच्या खळग्यांची ही जमीन मेंढ्या, ससे आणि गोल्फचा चेंडू यांनाच मानवणारी होती. गोल्फचा खेळ पंधराव्या शतकातच इतका लोकप्रिय झाला होता की तिरंदाजीचा सराव मागे पडू नये म्हणून १४५७ मध्ये स्कॉटिश संसदेने त्यावर आणि फुटबॉलवर बंदी घातली. ती फारशी मानली गेली नाही. १५५२ सालच्या सनदेने आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने लिंक्सवर गुरे चारण्याचा आणि गोल्फसारखे खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. ससे वाढविण्याचा हक्क मात्र स्वतःकडे राखला. म्हणजे कॅथीड्रल उद्ध्वस्त होण्याच्या अवघी काही वर्षे आधी चर्चनेच, स्वतःच्या नकळत, गावाच्या पुढील उपजीविकेची तरतूद कागदावर करून ठेवली होती.

१७५४ च्या मे महिन्यात २२ उमराव आणि प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन गोल्फ खेळणाऱ्यांची संस्था स्थापन केली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याने तिला आश्रय दिला आणि ती ‘रॉयल अँड एन्शंट’ झाली. १७६४ मध्ये येथील फेरी २२ खड्ड्यांवरून १८ वर आली आणि पुढे हीच संख्या जगभर प्रमाण ठरली. तथापि मैदानाचा इतिहास क्लबच्या इतिहासाहून वेगळा आहे. १७९७ मध्ये दिवाळखोर झालेल्या नगरपालिकेने लिंक्स विकून टाकले आणि दोन वर्षांत ते ससे पाळणाऱ्या डेम्प्स्टर घराण्यातील व्यापाऱ्यांच्या हाती गेले. सशांनी मैदान पोखरून टाकले. ससे मारण्याचा हक्क कोणाला, येथपर्यंत वाद पोहोचला आणि न्यायालयीन झगडे वीसेक वर्षे चालले. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप याने ती जमीन घेतली आणि खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये नगरपालिकेने लिंक्स पुन्हा आपल्या ताब्यात घेतले. १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ त्याची व्यवस्था पाहते. जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान आजही कोणा क्लबच्या मालकीचे नाही. रविवारी त्यावरील जुन्या मार्गाचा खेळ बंद असतो आणि गावातील माणसे कुत्र्यांना, मुलांना घेऊन तेथे फिरतात. गायरानाच्या हक्कासाठी भांडणाऱ्या कोणत्याही मराठी गावाला या लढ्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

शरदातील मुख्य समारंभ या क्लबचाच असतो. सप्टेंबरमध्ये नवा कप्तान सकाळी पहिल्या खड्ड्याच्या आरंभस्थानी उभा राहून एकच चेंडू मारतो. त्याच क्षणी शेजारी ठेवलेली छोटी तोफ उडते. समोरच्या मैदानात उभे असलेले कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे व त्यांना सल्ला देणारे साहाय्यक, चेंडूमागे धावतात. जो तो परत आणून देतो त्याला कप्तान सोन्याचे नाणे देतो. या शरदमेळ्यातील मुख्य पदक चौथ्या विल्यम राजाच्या नावाचे आहे आणि ते १८३७ पासून खेळले जाते. वसंतमेळ्यातील एक रौप्यपदक मुंबईच्या गोल्फ क्लबने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिलेले आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब तर १८२९ मधील, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना होय. साम्राज्याच्या चाकरीत गेलेल्या स्कॉट अधिकाऱ्यांनी नेलेला हा खेळ पदकांच्या रूपाने माघारी आला.

या खेळाची कीर्ती ज्यांनी घडविली ते मात्र उमराव नव्हते. अ‍ॅलन रॉबर्टसन हा चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू बनविणारा कारागीर होता. टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली शिकला. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून बनणारा गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला आणि पिसांच्या चेंडूचा धंदा बसला. या नव्या चेंडूवरून गुरुशिष्यांचे बिनसले. गावात अशी एक कथा सांगितली जाते की पूर्वेकडून आलेल्या विष्णुमूर्तीभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते आणि त्यांतूनच पहिला चेंडू घडला. कथेची सत्यता पडताळता येत नाही. पण आपल्या समृद्धीचा उगम दूरच्या देशात आहे, याची जाणीव तिच्यात नक्कीच आहे. मॉरिसचा मुलगा, दुसरा टॉम, सलग चार वेळा खुल्या स्पर्धेचा विजेता ठरला. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असता मुलाची पत्नी प्रसूतीत अत्यवस्थ असल्याची तार आली. फोर्थची खाडी नौकेने ओलांडून ते परतले, तोवर आई आणि बाळ दोघेही गेले होते. तो शरद तरुण टॉमने कसाबसा काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याचाही अंत झाला. कॅथीड्रलच्या भग्न आवारातील त्याच्या स्मारकावर तो चेंडूवर वाकलेला दाखविला आहे. ज्या भूमीत बिशप पुरले गेले तेथेच हा चेंडू बनविणाऱ्यांच्या परंपरेतील मुलगा विसावला आहे.

भारताशी या गावाचे नाते केवळ पदकांपुरते नाही. साउथ स्ट्रीटवर १८३३ मध्ये सुरू झालेल्या शाळेचे नाव ‘मद्रास कॉलेज’ आहे. तिचा दाता अँड्र्यू बेल हा १७५३ मध्ये याच गावात एका न्हाव्याच्या घरी जन्मला आणि येथेच शिकला. पुढे मद्रासमध्ये, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या आश्रमाचा तो १७८९ मध्ये अधीक्षक झाला. एकदा त्याला एका ‘मलबारी’ शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना दिसली. त्या काळी इंग्रज हा शब्द तमिळ भाषकांनाही लावीत. बेलने हीच रीत आपल्या आश्रमात आणली आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवावे, ही व्यवस्था तिच्याशी जोडली. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ‘मद्रास पद्धती’ ब्रिटनमधील हजारो गरीब मुलांच्या शाळांत पोहोचली. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरविणे आणि पंतोजींच्या शाळेत मोठ्या विद्यार्थ्याने धाकट्यांचा पाठ घेणे, हे महाराष्ट्रालाही नवे नव्हते. शिक्षणाचा प्रकाश पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला, असे सांगणाऱ्या इतिहासात हा उलटा प्रवास ठळकपणे येत नाही. बेल वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरला गेला. त्या वाळूतल्या शाळेच्या गुरूचे नाव कोठेही नोंदलेले नाही. २०२१ मध्ये मद्रास कॉलेज गावाच्या पश्चिमेस नव्या इमारतीत गेले. नाव तेच राहिले.

दुसरे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. १८२३ ते १८२८ या काळात टॉमस चाल्मर्स येथे नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या प्रभावाखालील काही विद्यार्थी धर्मप्रसारासाठी भारतात आले. त्यांपैकी अलेक्झांडर डफ १८३० मध्ये कलकत्त्यास पोहोचला आणि त्याने काढलेल्या विद्यालयाने बंगालच्या इंग्रजी शिक्षणाला वळण दिले. रॉबर्ट नेस्बिट त्याच्याही आधी, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यात आला. कोकणात बाणकोट आणि हर्णै येथे राहून त्याने मराठी आत्मसात केली. या भाषेवरील त्याचे प्रभुत्व समकालीनांनी वाखाणले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत नेस्बिटकडे राहिल्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष पत्करला. सेंट अँड्र्यूजच्या वर्गखोल्यांत पेटलेली धर्मनिष्ठा मुंबईतील एका घरात अशी फूट पाडून गेली. जेथे श्रद्धेसाठी माणसे जाळली गेली होती, त्या गावातून आलेल्या माणसाला परक्या समाजाच्या श्रद्धेची वेदना कितपत कळली असेल, हा प्रश्न इतिहासाने विचारावयास हवा. नेस्बिट १८५५ मध्ये मुंबईतच मरण पावला.

उलट दिशेने आलेल्यांनी गावाचे रूप पालटले. बंगालच्या तोफखान्यात नोकरी केलेला मेजर ह्यू लायन प्लेफेअर १८४२ मध्ये नगराध्यक्ष झाला आणि १८६१ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. रस्ते फरसबंद करणे, उकिरडे हटविणे, झाडे लावणे अशी कामे त्याने लष्करी शिस्तीने रेटली. १८५२ मध्ये आगगाडी आली आणि ओसाड विद्यानगरी हवापालटाचे ठिकाण बनली. १८६७ मध्ये स्त्रियांनी आपला स्वतंत्र पटिंग क्लब काढला. हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टोलविणे स्त्रियांना अशोभनीय मानले जाई. म्हणून त्यांना हलक्या हाताने चेंडू खड्ड्यात ढकलण्यापुरती ही जागा मिळाली. तिच्या चढउतारांमुळे तिला ‘हिमालय’ हे नाव पडले. त्यापूर्वी १८६२ मध्ये एलिझाबेथ गॅरेट हिने वैद्यकाच्या अभ्यासासाठी विद्यापीठात नाव नोंदविले होते. ते रद्द करण्यात आले. विद्यापीठाची दारे स्त्रियांना १८९२ मध्ये उघडली. क्लबची दारे उघडण्यास आणखी १२२ वर्षे लागली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, ज्या दिवशी स्कॉटलंडने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत दिले त्याच दिवशी, सभासदांनी मोठ्या बहुमताने स्त्रियांना प्रवेश देण्याचे ठरविले.

विद्यापीठाच्या शरदसत्राला दीर्घकाळ ‘मार्टिनमस’ हे नाव होते. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस स्कॉटलंडमध्ये भाडे भरण्याचा आणि गड्यांचे करार करण्याचा दिवस होता, जसा मराठवाड्यात आणि विदर्भात सालगड्यांच्या करारासाठी पाडवा. जुन्या काळी विद्यापीठाचे वर्ष सुगीनंतर, नोव्हेंबरात सुरू होऊन वसंतात संपे. त्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या मुलाला कापणीस घरी राहता येई. सत्राच्या मध्ये ‘मील मंडे’ची सुटी मिळे; विद्यार्थ्यांनी घरी जाऊन ओटच्या पिठाचा नवा साठा आणावा, हा तिचा उद्देश होता. ज्येष्ठ विद्यार्थ्याने नवागताला ‘दत्तक’ घ्यावे आणि नवागताने त्याला पौंडभर मनुका देऊन लॅटिनमध्ये पावती घ्यावी, ही प्रथाही शरदातलीच आहे. मनुकांची जागा पुढे मद्याने घेतली आणि त्या सोमवारी आता साबणाच्या फेसाची लढाई होते. पण घरापासून दूर, अंधारत्या ऋतूत आलेल्या मुलाला कोणीतरी आईवडील मिळावेत, हा तिचा मूळ भाव पुसलेला नाही. रविवारी उपासनेनंतर लाल झगे घातलेले विद्यार्थी बंदराच्या धक्क्यावरून रांगेने चालत जातात. करड्या समुद्रावर आणि करड्या दगडांवर तो एकच रंग दिसतो.

या नगरीच्या परिसरातून मुंबईस आलेल्या आणखी एका माणसाचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. पॅट्रिक गेडिस हा १८८८ पासून डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. हे कॉलेज १८९० च्या दशकात सेंट अँड्र्यूज विद्यापीठाशी जोडले गेले आणि १९६७ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि १९२४ पर्यंत तेथे राहिला. गो. स. घुर्ये यांना इंग्लंडला पाठविण्यात त्याचा वाटा होता. भारतातील अनेक शहरांची पायी पाहणी करून त्याने अहवाल लिहिले. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी अत्यावश्यक तेवढाच भाग काढावा, विहिरी, वड आणि देवळे राखावीत, असा त्याचा आग्रह होता. शहर हे झाडासारखे वाढते आणि झडते, हे मत वनस्पतिशास्त्रज्ञाला सुचणे स्वाभाविकच होते. पण पडक्या दगडांतून पुन:पुन्हा घरे उभारणाऱ्या स्कॉटलंडच्या जुन्या गावांची ओळखही त्यामागे असावी, असे मानण्यास जागा आहे.

आज या गावात सुमारे १७,००० माणसे राहतात आणि विद्यार्थी दहा हजारांच्या घरात आहेत. त्यांत भारतातून आलेलेही आहेत. आगगाडीचा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. लूकर्स स्थानकावर उतरून पुढे बसने यावे लागते. नॉर्थ स्ट्रीटच्या पूर्व टोकाला पूर्वी कोळ्यांची वस्ती होती. ती उरलेली नाही. जुनी घरे विद्यार्थ्यांना आणि गोल्फसाठी येणाऱ्या प्रवाशांना भाड्याने जातात, आणि येथे जन्मलेल्या तरुण कुटुंबाला गावात घर घेणे कठीण होते. चर्चवर जगणारे गाव चर्चबरोबर बुडाले होते. विद्या आणि खेळ यांवर जगणाऱ्या गावाचे यश गावकऱ्यांनाच बाहेर लोटणार का, हा आजचा प्रश्न आहे. लिंक्सच्या बाबतीत त्याचे एक उत्तर १८९४ मध्ये मिळाले होते: जमीन सर्वांची ठेवली तर तिचा लाभही सर्वांकडे राहतो. घरांच्या बाबतीत तसे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास मागे केली जातात आणि दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. मैदानावरील शेवटचे खेळाडू त्याआधी परततात. साउथ स्ट्रीटवरील लिंबाची झाडे तोवर बरीचशी पर्णहीन झालेली असतात, ग्रंथालयातील दिवे लागतात, आणि समुद्रावरून येणारा वारा कॅथीड्रलच्या छप्पर नसलेल्या आवारातून गवत वाकवीत जातो.